सुटाच्या कापडाचं गाव

नॉरिच सोडून गाडी उत्तरेला लागली की मुलूख एकदम सपाट होतो. बार्लीची शेतं, बिटाची शेतं, मधून एखादी संथ नदी आणि जिकडे बघावं तिकडे दगडी चर्चचे मनोरे. एक मागे पडतो न पडतो तोच दुसरा दिसायला लागतो. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या या नॉरफक परगण्यात मध्ययुगात बांधलेली साडेसहाशेच्या आसपास चर्च आजही उभी आहेत. माझी भाची नॉरिचच्या विद्यापीठात शिकते. ती बरोबर होती. खिडकीतून मनोरे बघता बघता तिने विचारलं, “मावशी, शेतकऱ्यांची ही गावं. यांच्याकडे एवढा पैसा आला कुठून?”

त्या प्रश्नाचं उत्तर जिथे सगळ्यांत नीट मिळतं, तिथेच आम्ही निघालो होतो. गावाचं नाव वुस्टेड. सुटाचं जे लोकरी कापड जगभर ‘वर्स्टेड’ म्हणून ओळखलं जातं, ते याच गावाचं नाव लावतं.

स्टेशन म्हणजे एक फलाट आणि एक निवारा. उतरणाऱ्या आम्ही दोघीच. गाव तिथून मैलभराहून थोडं लांब आहे आणि रस्त्याला पदपथ नाही, त्यामुळे मोटार आली की कुंपणाला चिकटून उभं राहायचं. शेतांच्या कडेने चालताना चकमकीच्या काळ्या-पांढऱ्या दगडांच्या भिंती लागतात. या भागात बांधकामाला दुसरा चांगला दगड नाहीच. लोक शेतातले चकमकीचे गोटे वेचून, फोडून चुन्यात बसवत आले. दारचौकटींना, कोपऱ्यांना लागणारा घडीव दगड बाहेरून, पाण्याच्या वाटेने आणावा लागे.

गावात शिरलो. हजाराच्या आतबाहेर वस्ती असेल. मधे एक चौक, त्याच्याभोवती विटांची जुनी घरं, एक पब आणि चौकाच्या एका अंगाला सेंट मेरीचं चर्च. भाची जागच्या जागी थांबली. मनोरा १०९ फूट उंच. एवढ्याशा गावात ही वास्तू आली कशी, असं कुणालाही वाटेल. १३७९ साली तिचं काम सुरू झालं. तीस वर्षांपूर्वीच युरोपभर प्लेगची महामारी होऊन गेली होती, इंग्लंडची निदान तिसरा हिस्सा माणसं त्यात गेली होती, आणि तरीही या गावाने जुनं चर्च पाडून हे नवं बांधायला घेतलं. शिवाय गावात सेंट अँड्र्यूचं आणखी एक चर्च होतं. ते आता उरलेलं नाही. मनोऱ्याच्या पायाशी चकमक आणि घडीव दगड यांची अशी नक्षी बसवली आहे की हात फिरवला तर सांधा बोटाला लागत नाही. हा सगळा पैसा कापडाचा.

चौकातल्या जुन्या घरांकडे नीट बघावं. खोल्या उंच आहेत, तुळया जाड आहेत, कारण आत माग उभा करायचा होता. घर आणि कारखाना वेगळे नव्हतेच. पैठणच्या किंवा येवल्याच्या जुन्या विणकरवाड्यांत ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही.

चर्चच्या आत लख्ख उजेड होता. उंच खिडक्या, डोक्यावर लाकडी छप्पर, आणि उत्तरेकडच्या लांबट भागात चक्क हातमाग मांडलेले. गावात विणणारे, सूत कातणारे आणि रंगारी यांची एक हौशी मंडळी आहे. जुनं कसब हातातून जाऊ नये म्हणून ते धडपडतात. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई तिथे लोकर घेऊन बसल्या होत्या. आम्ही कुठून आलो ते त्यांनी विचारलं, आणि भारतातून म्हटल्यावर मागाशेजारचा बाक पुढे ओढला.

“आधी हात स्वच्छ आहेत का बघा,” त्या म्हणाल्या, “मग हे धरा.”

माझ्या एका हातात त्यांनी पिंजलेली लोकर दिली, दुसऱ्या हातात विंचरलेली. वर्स्टेडचं सगळं मर्म या दोन मुठींत आहे. लोकर पिंजली की तिचे तंतू सगळ्या दिशांना वळतात, एकमेकांत गुंततात, त्यांच्यात हवा राहते. त्याचं सूत फुगीर होतं. ते विणून कापड ओलं करायचं, तुडवायचं, कुटायचं. मग धागे एकमेकांत मुरून कापड दाट होतं. ब्लँकेट, जाड ओव्हरकोट यांचं कापड ते. वर्स्टेडला हे काहीच चालत नाही. त्याला लांब तंतूची लोकर लागते आणि ती विंचरावी लागते.

बाईंनी विंचरून दाखवलं. टेबलाच्या कडेला एक फणी पक्की बसवली होती. तिचे पोलादी दात वीतभर लांब, सुईसारखे टोकदार, एकामागे एक ओळींत. तेलाचा हात लावलेली मूठभर लोकर त्यांनी त्या दातांत अडकवली. दुसरी तशीच फणी कढत पाण्याच्या भांड्यात होती. ती काढून पुसली आणि आडवी फिरवत आणली. पहिल्या फेरीत लोकरीचं फक्त टोक धरलं. पुढच्या फेरीत जरा आत. आई मुलीचे गुंतलेले केस टोकाकडून सोडवत मुळाकडे जाते, तसंच. दर फेरीला लोकर थोडीथोडी या फणीवरून त्या फणीवर गेली आणि मागे आखूड, गाठाळलेले तंतू तेवढे राहिले. ते त्यांनी उपटून वेगळ्या टोपलीत टाकले. तेही वाया जात नाही, पण वर्स्टेडमध्ये त्याला जागा नाही. असं दोन-तीनदा केल्यावर त्यांनी शिंगाची एक भोकाची चकती घेतली, लोकरीचं टोक त्या भोकातून ओढलं आणि हात मागे घेत गेल्या. चकतीतून पेळू बाहेर येत राहिला, लांबच लांब. सगळे तंतू एका दिशेने, शेजारी शेजारी. मघाशी मळकट दिसणारी लोकर आता चकाकत होती.

“आता हिला पीळ द्यायचा. घट्ट,” बाई म्हणाल्या. त्यांनी टकळी सोडली.

त्या सुताच्या विणलेल्या तुकड्यावरून मी हात फिरवला. कापड गुळगुळीत आणि थंड लागलं, एकेक धागा वेगळा दिसत होता, आणि मुठीत चुरगाळून सोडलं तर पुन्हा सरळ होत होतं. हा स्पर्श माझ्या ओळखीचा आहे. मी ठाण्याची. रेमंडची गिरणी आमच्या ठाण्यात १९२५ साली सुरू झाली, १९४४ साली कैलाशपत सिंघानियांनी ती घेतली, आणि पुढची कित्येक वर्षं आपल्याकडच्या लग्नघरांत नवरदेवाच्या सुटाचं कापड म्हटलं की तिचंच नाव निघायचं. दुकानदार थान उलगडायचा, “वर्स्टेड आहे, हात लावून बघा” म्हणायचा, आणि घरातली मोठी माणसं अशीच मुठीत चुरगाळून बघायची. इस्त्रीची घडी टिकणं, कापडाचं अंगावर सरळ पडणं, लवकर चुणी न पडणं, हे गुण तिथे त्या फणीत तयार होतात.

आपल्याकडची लोकर या वाटेने जात नाही. दख्खनी मेंढीचे तंतू आखूड आणि राठ. त्यांची होते ती घोंगडी: लोकर धनुकलीने पिंजायची, धनगर आणि सनगर बायांनी कातायची, आणि विणल्यावर चिंचोक्याची खळ द्यायची. पावसात ती अंगावर घेऊन रानात बसलेल्या माणसाला सुटाच्या कापडाचा काही उपयोग नाही. मेंढीने जी लोकर दिली तिला जे कसब शोभेल ते त्या त्या मुलखातल्या माणसांनी शोधलं. यात उच्च-नीच काही नाही, असं मला त्या चर्चमध्ये बसून अगदी स्पष्ट वाटलं.

हे कसब वुस्टेडला कुणी आणलं? गावात विचारलं तर उत्तर तयार आहे: समुद्रापलीकडच्या फ्लँडर्समधून आलेल्या विणकरांनी. त्यात तथ्य आहे. तिसऱ्या एडवर्ड राजाने १३३१ साली जॉन केंप नावाच्या फ्लेमिश विणकराला आपल्या माणसांसह इंग्लंडमध्ये येऊन काम करायला अभयपत्र दिलं होतं, आणि त्याची राणी फिलिपा त्याच बाजूच्या एनोची. पण वर्स्टेड कापडाचं नाव त्याच्याही आधीपासून कागदोपत्री आहे. परक्या विणकरांनी या धंद्याला मोठं केलं, एवढं निश्चित म्हणता येतं.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस हे कापड इतकं ओळखीचं झालं होतं की कवी चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मधल्या ऐषारामी फ्रायरच्या अंगावर दुहेरी वर्स्टेडचा झगा घातला, आणि त्यावरून तो साधू किती पैसेवाला आहे हे वाचकाला कळलं. १४४२ साली पार्लमेंटने कायदाच केला: नॉरिचच्या आणि नॉरफकच्या विणकरांनी आपले तपासनीस निवडायचे, त्यांनी कापडाची लांबी-रुंदी आणि सूत तपासायचं. खोटा माल या नावाखाली बाजारात जाऊ लागला होता, म्हणून ही तजवीज. मला सगळ्यांत जवळची वाटते ती जॉन पॅस्टनची गोष्ट. पॅस्टन गाव इथून फार लांब नाही, समुद्राच्या बाजूला. १४६५ साली हा जमीनदार लंडनमध्ये तुरुंगात होता. थंडी तोंडावर आली होती. त्याने बायकोला, मार्गारेटला, लिहिलं की अंगरख्यासाठी वर्स्टेड पाठव. आणि आपल्या नात्यातल्या एकाने जे रेशमासारखं मऊ वर्स्टेड घेतलं ते कुठल्या दुकानातलं याची चौकशी कर. वर, नॉरफकची शान म्हणून आपण तेच घालणार, असंही त्याने कळवलं. पॅस्टन घराण्याची ही पत्रं टिकली म्हणून पाच-साडेपाच शतकांपूर्वीच्या माणसाची कापडाची हौस आपल्याला कळते.

चर्चमध्ये पुढे, वेदीच्या अलीकडे, रंगीत लाकडी पडदी आहे. १५१२ सालची. तिच्यावर संतांच्या आकृत्या रंगवल्या आहेत; रंग फिके झालेत, पण माणसं ओळखू येतात. एका फळीवर क्रुसावर दाढीवाली स्त्री आहे. ही संत अनकंबर. मनाविरुद्ध ठरलेलं लग्न टळावं म्हणून तिने देवाला साकडं घातलं, तिला दाढी फुटली, लग्न मोडलं आणि बापाने तिला क्रुसावर चढवलं, अशी कथा. नकोशा नवऱ्यापासून सुटका मागायला बायका तिच्याकडे यायच्या. भाची त्या फळीपुढे बराच वेळ उभी होती. शेजारी नॉरिचचा विल्यम आहे. ११४४ साली नॉरिचजवळ या पोराचा खून झाला आणि आळ शहरातल्या ज्यूंवर घातला गेला. आळ खोटा होता, पण तसलेच आळ पुढे कित्येक शतकं युरोपभर घेतले गेले आणि त्यापायी माणसं मारली गेली. गावाच्या देखण्या पडदीवर तो विल्यम संत म्हणून उभा आहे. ते सोडून बाकीचं सुंदर आहे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पडदीवर देणगीदारांची नावं लिहिली आहेत: जॉन आर्ब्लास्टर आणि त्याची बायको अ‍ॅग्नेस. त्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी, ही अपेक्षा. देणगीदाराचं नाव पाचशे वर्षं राहिलं. पण एका मागाला पुरेल एवढं सूत कातायला कितीतरी बायका लागत. नॉरफकच्या बायका चरखा आल्यावरही दीर्घकाळ टकळीवरच कातत राहिल्या, कारण वर्स्टेडचं सूत तिच्यावर बारीक आणि एकसारखं येई. चुलीपाशी बसून, गुरांमागे चालताना त्या कातत. आणि विंचरणारे पुरुष बंद खोलीत कोळशाच्या शेगडीभोवती फण्या तापवत उभे राहत. तो धूर दिवसभर छातीत. त्यांच्या देवाचं नाव संत ब्लेझ. लोखंडी फण्यांनी अंग ओरबाडून ज्याचे हाल केले, तो हा संत; विंचरणाऱ्यांनी त्यालाच आपला मानला. संताचं नाव सापडतं, त्यांची सापडत नाहीत.

एकाचं सापडतं, पण ते बंडखोराचं. चर्चचा पाया घालून दोन वर्षं होतात तोच, १३८१ साली, इंग्लंडभर शेतकऱ्यांचा उठाव झाला. इथल्या उठावाचा पुढारी जेफ्री लिट्स्टर हा लोकर रंगवणारा रंगारी होता. नॉरिचच्या बिशपने, हेन्री डिस्पेन्सरने, स्वतः चिलखत चढवून नॉर्थ वॉल्शमपाशी त्याच्या लोकांचा मोड केला आणि त्याला देहांत शिक्षा दिली. नॉर्थ वॉल्शम म्हणजे वुस्टेडच्या पुढचं स्टेशन.

गावाचा धंदा नंतर हळूहळू नॉरिचकडे सरकला. १५६५ साली एलिझाबेथ राणीच्या परवानगीने नेदरलँड्समधली तीस विणकर कुटुंबं नॉरिचला बोलावली गेली; मागून हजारो माणसं आली. धर्मछळातून पळालेली. शहर त्यांना ‘परके’ म्हणे, आणि त्यांच्याच हातांनी ते इंग्लंडमधलं दुसऱ्या नंबरचं शहर होऊन बसलं. त्यांनी पाळलेल्या कॅनरी पक्ष्यांवरून नॉरिचच्या फुटबॉल संघाला आजही कॅनरीज म्हणतात. दुसऱ्या दिवशी नॉरिचच्या संग्रहालयात आम्ही अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या तिथल्या शाली बघितल्या. काठावर कोयऱ्या. काश्मीरच्या शाली विलायतेत पोचल्या, त्यांच्यावर उड्या पडल्या, तेव्हा नॉरिचच्या विणकरांनी रेशीम आणि लोकर मिसळून तशाच विणल्या. काम उत्तम आहे. पण मूळ कुणाचं हे त्या काचेपुढे उभं राहून मी भाचीला दोनदा सांगितलं.

शेवट कशाने झाला तेही सांगायला हवं. नॉरिचच्या लोकरी कापडाचं मोठं गिऱ्हाईक होती ईस्ट इंडिया कंपनी. ती ते चीनला नेऊन विके. १८३३ साली कंपनीचा चीनच्या व्यापारातला मक्ता गेला आणि ही मागणी आटली. तोवर यॉर्कशरने बाजी मारली होती. तिथे डोंगरातले झरे होते, कोळसा होता, यंत्रं होती. सपाट नॉरफकला कोळसाही नाही आणि पाण्याला ओढही नाही. नॉरिचने वेन्सम नदीच्या काठी १८३९ साली सेंट जेम्स मिल उभारून एक अखेरचा प्रयत्न केला. इमारत भव्य आहे, नदीवरून फार देखणी दिसते, पण डाव साधला नाही. यॉर्कशरमधलं ब्रॅडफर्ड ही वर्स्टेडची राजधानी झाली. तिथलीही एक गोष्ट ऐका. १८२५ च्या फेब्रुवारीत ब्रॅडफर्डला संत ब्लेझचा मोठा उत्सव झाला. मालक आणि विंचरणारे एकाच मिरवणुकीत चालले. त्याच वर्षी जूनमध्ये विंचरणाऱ्यांनी आणि विणकरांनी मजुरीसाठी संप केला. तो पाच महिने चालला आणि फसला. पुढे पंचवीस-तीस वर्षांत विंचरायची यंत्रं आली आणि हाताने विंचरणाऱ्यांची जमातच संपली. गिरणगावात वाढलेल्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको.

वुस्टेडमधला अखेरचा विणकर जॉन क्युबिट १८८२ साली वारला. तो शेवटचा होता म्हणून त्याचं नाव राहिलं. त्याच्या आधीच्या पाचशे वर्षांतले विंचरणारे, कातणाऱ्या, रंगारी यांच्यातल्या एकाचाही शब्द आपल्याला ऐकू येत नाही. कोळशाच्या धुरात उभं राहून काय वाटायचं, दिवसाला किती सूत व्हायचं, मजुरी कापली तर कुणाकडे जायचं, हे कुणी विचारलं नाही आणि लिहून ठेवलं नाही. त्या सत्तरीच्या बाई आज आपल्या हाताने ते सगळं करून बघतात, कारण सांगणारं कुणी उरलेलं नाही.

तुम्ही इंग्लंडला गेलात तर लंडनहून नॉरिचला दोन तासांत पोचाल. तिथून वुस्टेड अर्ध्या तासाच्या आत. जरूर जा, पायात चालायचे बूट घाला, आणि पडदीसाठी वेळ राखून ठेवा. पण त्याआधी एक काम इथे करा. ठाण्याची गिरणी बंद झाली, मुंबईच्या झाल्या, इचलकरंजी-सोलापूरचे कित्येक माग थांबले. त्यांच्यावर उभी राहिलेली माणसं मात्र अजून आपल्यात आहेत. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत कुणी कताई खात्यात, साच्यावर, रंगखात्यात आयुष्य काढलं असेल तर त्यांच्यापाशी बसा. कुठलं खातं, कुठली पाळी, यंत्राला काय म्हणायचे, हात कसा चालायचा, हे सगळं विचारा, आणि त्यांच्या नावानिशी लिहून ठेवा. फोनवर आवाज भरून घेतलात तरी चालेल. हे याच वर्षी करा. त्यांतले कितीतरी सत्तरीच्या पुढचे आहेत.